पहिल्यांदाच ग्रुप राइडला जायचंय (पुणे ते सिंहगड पायथा आणि परत, ५० किमी). मागे पडायची आणि धडकायची भीती वाटते. तयारी कशी करू?

तुम्ही लिहिलंय की सायकल हायब्रिड (रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधली) आहे, एकट्याने १५-२० किमी आरामात होतात आणि आता ओळखीच्या ग्रुपने रविवारी स्वारगेट, खडकवासला, सिंहगड पायथा अशा राइडला बोलावलंय. मागे पडायची भीती बरीचशी सोडून द्या. जो एकटा २० किमी सहज मारतो, त्याला तीन-चार आठवड्यांत ५० जमतात. धडकायची भीती मात्र रास्त आहे. ग्रुपमध्ये चालवणं हे निराळं कौशल्य आहे आणि वर्षानुवर्षं एकट्याने चालवून ते येत नाही. ग्रुपमध्ये वेगवान माणूस खपतो, हळू माणूसही खपतो. लहरी माणूस खपत नाही. पुढच्या पाच सेकंदांत तुमची सायकल कुठे असेल, हे मागच्याला न विचारता कळलं पाहिजे.

आधी ग्रुपला विचारून घ्या: राइड 'नो ड्रॉप' आहे का, म्हणजे शेवटच्यासाठी थांबतात का, सगळ्यात मागे राहणारा स्वीप कोण, थांबे कुठे, आणि ॲव्हरेज, म्हणजे ताशी सरासरी वेग, किती धरलाय. या ॲव्हरेजच्या आकड्यावर बरेच जण फसतात. मेसेजमध्ये '२० चा ॲव्हरेज' लिहिलेलं असतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, मीही २० नेच चालवतो. पण सिग्नल, चढ, स्पीडब्रेकर धरून २० पडायचा असेल तर सपाटीवर २४-२५ ने चालवावं लागतं. तुमचा एकट्याचा ॲव्हरेज १६-१७ असेल तर १८ वाला ग्रुप निवडा, २२ वाला नको.

सरावासाठी आठवड्यातून दोनदा पाऊण तास आणि रविवारी लांब: २५, मग ३२, मग ४०. एवढं पुरतं. वेग असा ठेवा की शेजारच्याशी सलग दोन वाक्यं बोलता येतील. जड गिअर टाकून पाय रेटत बसू नका. मिनिटाला पॅडलच्या ७५ ते ८५ फेऱ्या होतील असा हलका गिअर ठेवा, गुडघे दुवा देतील. सीटची उंची एकदा नीट लावा: टाच पॅडलवर ठेवून पॅडल खाली नेलं की पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग चवड्याने चालवताना गुडघ्याला थोडा बाक आपोआप राहतो. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला किंवा कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर वर. एका वेळी अर्धा सेंटिमीटरच हलवा.

हवा आदल्या रात्री भरा. हायब्रिडचे टायर बहुतेक ७०० बाय ३५ किंवा ३८ चे असतात. ७०-७५ किलोच्या माणसाला त्यात ५५ ते ६५ पीएसआय (पंपाच्या काट्यावरचा हवेचा दाब) ठीक, पावसात पाच कमी. टायरच्या कडेवर कमाल आकडा छापलेला असतो, तो ओलांडायचा नाही. अंगठ्याने दाबून 'ठीक आहे' म्हणू नका, नेमका दाब अंगठ्याला कळत नाही. चेनला दर कडीवर एक थेंब तेल, दहा मिनिटांनी फडक्याने पुसून कोरडी. वरचं तेल राहिलं की आपल्याकडची धूळ त्याला चिकटते आणि त्याचा काळा रेंदा दात खातो. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून बघा. चाकाचा क्विक रिलीज (चाक आवळणारा दांडा) इतका घट्ट हवा की बंद करताना तळहातावर वळ उठेल.

आता मुख्य भाग, एकामागोमाग चालवण्याचा. सपाटीवर २५ च्या आसपास निम्म्याहून जास्त ताकद हवा कापण्यात जाते. कुणाच्या तरी मागे राहिलात की साधारण चौथा ते तिसरा हिस्सा कष्ट वाचतात. एकट्याला जे ४० किमी दमवतात, ते ग्रुपमध्ये ५० होऊनही अंगात बळ उरतं, ते यामुळे. पावसाळ्यात हे पटकन जाणवतं, कारण सिंहगडाच्या दिशेने जाताना वारा समोरून येतो आणि परतताना पाठीवर असतो. पण हा फायदा मिळवायला पुढच्याच्या चाकाला नाक लावायची गरज नाही. आपल्या रस्त्यांवर नवख्याने दीड-दोन मीटर अंतर ठेवावं, त्यातही बराच आडोसा मिळतो.

नजर पुढच्याच्या मागच्या चाकावर खिळवू नका. त्याच्या कमरेवरून, खांद्यावरून पलीकडचा रस्ता बघा. खड्डा त्याला दिसला की त्याच्या कमरेची हालचाल आधी होते, चाक नंतर वळतं.

तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी कधीही नेऊ नका. तो जरा सरकला आणि चाकाला चाक घासलं तर पुढच्याला फारसं कळतही नाही, पडतो मागचा. सायकलवर तोल हँडल किंचित इकडे-तिकडे वळवूनच सांभाळला जातो आणि घासलेलं चाक नेमकं तेच करू देत नाही. ग्रुपमधले बरेच अपघात टाळायचे असतील तर हा एक नियम पाळा.

वेग कमी करायचा तर एकदम ब्रेक मारू नका. आधी पॅडल हलकं करा, मग पाठ सरळ करून अंगावर वारा घ्या. दोन-तीन किलोमीटरचा वेग तेवढ्यानेच उतरतो. चढावर सीटवरून उठून उभं राहताना सायकल क्षणभर वीतभर मागे येते आणि मागचा त्यावर आदळतो. म्हणून पाय पॅडलवर जोराने दाबता दाबताच उठा, आणि उठायच्या आधी 'उभा राहतोय' म्हणा.

नवखे लोक भिडस्तपणाने सगळ्यात मागे राहतात. तिथे सगळ्यात जास्त दमछाक होते. रांग पेटीच्या भात्यासारखी हलते: स्पीडब्रेकरला पुढचा जरा हळू होतो, दुसरा जास्त, दहावा जवळजवळ थांबतो. पुढचा पलीकडे वेग घेतो तेव्हा दहावा अजून स्पीडब्रेकरवरच असतो आणि त्याला अंतर भरून काढायला धावावं लागतं. सिंहगड रोडवर स्पीडब्रेकर आणि सिग्नल किती आहेत हे तुम्हाला माहीतच असेल. तेव्हा लीडला, म्हणजे ग्रुप नेणाऱ्याला, सांगून तिसऱ्या-चौथ्या जागेवर राहा. तिथे आडोसाही चांगला मिळतो आणि धक्केही कमी.

पुढे यायची पाळी आली तर एकच पथ्य: वेग वाढवू नका. पुढे येताच छाती काढून तीन किलोमीटरने वेग वाढवणं ही नवख्यांची हमखास चूक आहे. दोन मिनिटांत रांग तुटते आणि तुम्हीही संपता. सायकलच्या मीटरवर आधीचा आकडा बघा आणि तोच धरा. किलोमीटर-दीड किलोमीटर खूप झालं. मागे जाताना वळून बघा, कोपराने खूण करा, हातभर उजवीकडे सरका आणि पाय हलका सोडा. बाकीचे डावीकडून पुढे जातील. मात्र ही अदलाबदल रस्ता मोकळा असतानाच. रहदारीत रांग आहे तशी ठेवावी. खडकवासल्यापर्यंत जोडीने चालवत गप्पा मारणं अजिबात नको, त्याला पुढचा रस्ता आहे.

हाका बहुतेक ग्रुपमध्ये सारख्याच असतात: 'खड्डा' म्हणून त्या बाजूला बोट, खडी किंवा वाळू असेल तर पंजा हलवणं, 'गाडी मागून', 'स्लो', थांबताना तळहात मागे. ऐकलेली हाक तुम्हीही मागे द्यायची, नाहीतर ती तुमच्यापाशीच मरते. हात सोडणं धोक्याचं वाटत असेल तर नुसतं ओरडा. दोन्ही हात ब्रेकवर असलेले बरे.

पंक्चरचं सामान स्वतःचं न्या: तुमच्या मापाची एक नवी ट्यूब, दोन प्लॅस्टिकचे लिव्हर, छोटा पंप. ग्रुपमध्ये कुणाकडे तरी असेलच म्हणून जाऊ नका, रोड बाइकवाल्यांची ट्यूब तुमच्या टायरला फार बारीक पडते. वाल्व्ह कुठला आहे हेही बघून ठेवा. मोटरसायकलसारखा जाड म्हणजे श्रेडर, बारीक आणि टोकाला नट असलेला प्रेस्टा. चाक मागचं असेल तर काढण्याआधी चेन सगळ्यात लहान दातेरी चकतीवर आणा. टायर उतरवला की नवी ट्यूब घालायची घाई करू नका. जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा, वाल्व्हपासून ते किती अंतरावर आहे बघा आणि टायरवर नेमकी तीच जागा आतून चाचपा, बोट सावकाश फिरवत, दोन्ही दिशांनी. बाभळीचा काटा बाहेरून तुटलेला असतो आणि आतून मोहरीएवढं टोक डोकावत असतं. ते नुसतं एका दिशेने बोट फिरवून लागत नाही. तो न काढता ट्यूब घातली तर दोन किलोमीटरवर पुन्हा खाली बसाल. भोकं शेजारी-शेजारी दोन असतील तर काटा शोधू नका: हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपली गेली. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकलीय. टायर चढवताना वाल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करून वाल्व्हपाशी संपवा, शेवटचा भाग अंगठ्यांनी आत ढकला आणि वाल्व्ह एकदा आत दाबून बाहेर ओढा, म्हणजे ट्यूब टायरखाली अडकलेली राहत नाही. पॅच घरी आल्यावर लावा. सोल्युशन लावून पाच मिनिटं सुकू द्यायचं असतं, रस्त्यावर तेवढा धीर कुणाला नसतो आणि ओल्यावर लावलेला पॅच उठतो.

निघण्याआधी अर्धा तास एक केळं किंवा दोन टोस्ट. मग भूक लागायची वाट न बघता दर ४०-४५ मिनिटांनी काहीतरी: केळं, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, तीन-चार खजूर. पाणी तासाला ५०० ते ७०० मिली, घोटघोट. उन्हाळ्यात एका बाटलीत ओआरएस, पण पाकिटावर जेवढ्या पाण्यात लिहिलंय तेवढ्यातच. कमी पाण्यात दाट केलं तर तहान वाढते आणि पोट बिघडतं. जाताना मिसळ नको. तर्रीचं तेल पोटात बसतं आणि पुढच्या चढाला वर येतं. जाताना पोहे किंवा इडली, मिसळ परतताना, हक्काने.

लाइट दोन्ही हवेत, पुढे पांढरा, मागे लाल. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे साडेपाचला निघालात तर तासभर तरी अंधारात. हेल्मेटबद्दल चर्चाच नको.

यातली मजा सांगतो, म्हणजे एवढं सगळं कशासाठी ते कळेल. धरणाच्या पुढे रहदारी कमी होते, डावीकडे-उजवीकडे झाडी दाटते, आणि आठ-दहा सायकली एका लयीत आल्या की बोलणं आपोआप थांबतं. उतारावर सगळे एकदम पॅडल सोडतात आणि फ्रीव्हीलची किरकिर एकसाथ उठते, रातकिड्यांसारखी. कुणी मागे वळून न बघता 'खड्डा डावीकडे' म्हणतो आणि ती हाक पार शेवटपर्यंत जाते. आपण न बघितलेल्या खड्ड्यापासून आपल्याला कुणीतरी वाचवलेलं असतं आणि आपणही मागच्याला वाचवतो. मग पायथ्याला टपरीवर सायकली एकमेकींना टेकवून उभ्या राहतात, आणि डॉक्टर, रिक्षावाले, कॉलेजची मुलं एकाच बाकावर चहा पितात. नावं नंतर कळतात. कोण चढावर कसा श्वास घेतो ते आधी.

पायथ्याला कुणीतरी हमखास म्हणेल, 'आता आलोच आहोत तर वर जाऊ, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊ.' पहिल्या वेळी नाही म्हणा. वरचा घाट नऊएक किलोमीटरचा, पाचशे मीटरहून जास्त चढाचा आहे, आणि त्याहून अवघड त्याचा उतार. तो महिन्या-दोन महिन्यांनी करा, आणि तेव्हा उतरताना पुढच्यापासून २०-३० मीटर अंतर ठेवा. ब्रेक वळणाआधी मारा, वळणात नाही. रिम ब्रेक सतत घासत ठेवले तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते, म्हणून दाबा, सोडा, पुन्हा दाबा. पावसात ओल्या रिमवर ब्रेक लागायला दुप्पट वेळ जातो, आणि झाडांखालच्या शेवाळलेल्या कडेवर तर ब्रेक लावूच नका.

खडकवासल्यापर्यंतच जमलं आणि परत फिरावंसं वाटलं तर खुशाल फिरा, पण स्वीपला सांगून. न सांगता गेलात तर दोन माणसं तुम्हाला शोधत उलटी येतात आणि बाकीचा ग्रुप पायथ्याला उपाशी बसून राहतो.