देवीचं राहू दे, पिठल्याचं बोल

पत्र थोडक्यात: मावशी, मी साताऱ्याचा, सध्या ब्रिस्टलला. आमच्या घरात देव नव्हते, बाबा अंनिसचे जुने कार्यकर्ते. बायको इंग्रज आणि विक्कन, म्हणजे विक्का नावाचा निसर्गपूजक धर्म मानणारी: चंद्राची देवी, शिंगवाला देव, वर्षाला आठ सण, स्पेल म्हणजे मंत्रतंत्र वगैरे. मी म्हणतो देव सर्वशक्तिमान आणि दयाळू असता तर जगात एवढं दुःख कशाला असतं, ती म्हणते तुझे मुद्दे चर्चच्या देवासाठी आहेत, माझ्या देवीला लागूच होत नाहीत. रोज वाद. गेल्या 31 ऑक्टोबरला तिनं मेलेल्या माणसांसाठी ताटं मांडली, माझ्या आईचंही मांडलं (पिठलं केलं होतं, गुठळ्याच जास्त), मी वर जाऊन झोपलो. कोण बरोबर ते एकदा सांगून टाका. – नास्तिक नवरा

नास्तिका, आधी निकाल देते, नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस. दुःखाच्या मुद्द्यावर ती बरोबर आहे. एपिक्युरस या जुन्या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर चालत आलेला तो प्रश्न ज्या देवाला सगळं कळतं, सगळं करता येतं आणि जो पूर्ण चांगला आहे त्याची अडचण करतो, विक्कावाले बहुतेक असा दावाच करत नाहीत, त्यांची देवी या जगातच असते आणि जन्म, मरण, कुजणं, उगवणं सगळं तिचंच, तिला तू रोगराईचा जाब विचारलास तर ती हो म्हणून मोकळी होणार. पण पुराव्याचा मुद्दा तिलाही लागू. स्पेल टाकून नोकरी लागते म्हणाली, किंवा केलेलं तिप्पट होऊन परत येतं म्हणाली, तर दाखव म्हण खुशाल. आणि हा धर्म अश्मयुगापासून अखंड चालत आलाय म्हणाली तर तेही नाही, मार्गारेट मरेबाईंची ती थिअरी इतिहासकारांनी कधीच मोडीत काढलीय, ब्रिटनमधला 1735 चा जादूटोण्याचा कायदा 1951 ला रद्द झाला, 1954 ला विक्का पुढे आणणाऱ्या जेराल्ड गार्डनरचं पुस्तक आलं आणि मग हे सगळं लोकांपुढे आलं. तुझ्या बाबांच्याच पिढीचा म्हण ना. हां, आणि काही विक्कन देवीला नुसतं प्रतीक मानतात, त्यांच्याशी तू भांडणार तरी कशावरून? तुझी यातली कुठली, ते तुझ्या तीन पानी पत्रात कुठंच नाही.

झालं समाधान? आता पिठल्याकडे ये.

अख्ख्या पत्रात आईबद्दल एक ओळ, आणि तिच्यातही कंस टाकून तक्रार कसली, तर गुठळ्यांची! अरे, तिकडच्या बाईला पिठलं कुठून माहीत असणार, तूच कधीतरी आईबद्दल बोलला असशील, तिनं ते लक्षात ठेवलं, बेसन आणलं, कुणाला न विचारता जमेल तसं घोटलं आणि ज्या सासूच्या नावानं केलं तिचा मुलगा जिना चढून वर गेला. सॅविनच्या, म्हणजे 31 ऑक्टोबरच्या सणाच्या, त्या जेवणात कुणी बोलायचं नसतं, मुकं जेवण म्हणतात त्याला. म्हणजे त्या रात्री तुझ्याशी वाद घालायला कुणीच नव्हतं रे. मला तर वाटतं तू त्या ताटाला घाबरलास. घरात देव नव्हते म्हणजे आईचं श्राद्धही घातलं नसणार, ठीक आहे, मी काही आग्रह धरणार नाही, पण तिच्यासाठी रडलास कधी? कुठं?

आणि अंनिसचं नाव मध्ये आणू नकोस. तुझ्याच साताऱ्याच्या दाभोलकरांचं भांडण देव मानणाऱ्या माणसाशी नव्हतं, देवाच्या नावानं होणाऱ्या लुबाडणुकीशी होतं. तुझ्या डायनिंग टेबलावर कोण कुणाला लुबाडत होतं?

येत्या 31 ऑक्टोबरला तू खाली बसायचंस. मला देवी पटत नाही हे आदल्या दिवशी सांगून टाक, तिला माहीतच आहे. पिठलं तू कर, आई करायची तसं, आणि करताना बायकोला शेजारी उभं करून आईबद्दल सांग, काय करायची, कशावरून चिडायची, सगळं, नंतर गप्पच बसायचंय. वाद घालायचाच तर 1 नोव्हेंबरला घाल, आणि तेव्हा दुःखाचा मुद्दा काढू नकोस, पुराव्याचा काढ, तिथं तुझी बाजू जड आहे.