बेळगावहून आईबाबा टोरंटोला निघालेत. दुबईत 7 तासांचा थांबा आहे, तिथला व्हिसा लागेल का?

नाही, मुंबई-दुबई-टोरंटो एकाच तिकिटावर असेल तर दुबईचा व्हिसा लागत नाही. ट्रान्झिट भागात, म्हणजे विमान बदलायच्या आतल्या भागातच राहिलं की इमिग्रेशन ओलांडावंच लागत नाही. मी बेळगावच्या टिळकवाडीत तिकिटं काढून देतो, हा प्रश्न रोजचाच. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, मुंबईचं तिकीट वेगळं असलं तरी बिघडत नाही. मुंबईच्या काउंटरवर बॅगेच्या टॅगवर 'वायवायझेड' म्हणजे टोरंटो आहे ना, तेवढं बाबांना बघायला सांगा. शेवटचं ठिकाण 'डीएक्सबी' म्हणजे दुबई दिसलं तर तिथंच विचारायचं. दुबईहून पुढचं तिकीट वेगळं काढलंत तर बॅग घ्यायला दुबईत बाहेर यावं लागेल, म्हणजे व्हिसा आलाच. आणि स्वस्त दिसलं म्हणून न्यूयॉर्कमार्गे नको: अमेरिकेचा व्हिसा नसेल तर तिथं नुसतं विमान बदलायलाही सी-1 व्हिसा लागतो.