चार-पाच मित्र घरी जमल्यावर पत्ते सोडून खेळता येईल असा फाशांचा खेळ कोणता?

याट्झी. पाच फासे, एक वही आणि एक पेन, एवढ्यावर खेळ होतो.

तुम्ही लिहिलंय की दोघांना पत्ते आवडत नाहीत, लुडोचा सगळ्यांना कंटाळा आलाय आणि एकाची दहा वर्षांची मुलगीही सोबत असते. आमची मंडळी साधारण अशीच. नाशिकला आम्ही चौघं मित्र सहा वर्षांपूर्वी एका कोजागिरीला हा खेळ पहिल्यांदा खेळलो. कोजागिरीच्या रात्री जागरणासाठी फासे खेळायची रीत तशी जुनीच आहे. दूध आटेपर्यंत एक डाव म्हणून बसलो आणि पहाटे तीनला उठलो. तेव्हापासून महिन्यातून दोनदा तरी वही निघतेच.

विकतचा डबा आणलाच पाहिजे असं नाही. स्टेशनरीच्या दुकानातून एकाच आकाराचे पाच फासे आणा. लुडोतले बारीक फासे हातात नीट येत नाहीत, थोडे मोठे बघा. आम्ही ते स्टीलच्या पेल्यात खुळखुळवून परातीत टाकतो. आवाज होतो, पण फासा सोफ्याखाली जात नाही आणि ‘हा तिरका पडला, परत टाक’ असे वाद निम्मे कमी होतात.

खेळायचं असं. आपल्या पाळीला पाचही फासे टाकायचे. हवे ते बाजूला ठेवायचे, उरलेले परत टाकायचे. एकूण तीनदा टाकता येतं, आणि बाजूला ठेवलेलाही पुन्हा उचलता येतो. शेवटी जे दान दिसेल ते वहीतल्या तेरा घरांपैकी एका घरात लिहायचं. प्रत्येक घर एकदाच.

वरची सहा घरं एक्के ते छक्के अशी. पंजांच्या घरात फक्त पंजांची बेरीज, म्हणजे तीन पंजे असतील तर 15. या सहा घरांची बेरीज 63 किंवा जास्त झाली की 35 गुण बक्षीस. हा 63 चा आकडा प्रत्येक घरात तीन-तीन फासे धरून आलाय. खालची घरं सात. तीन सारखे किंवा चार सारखे आले तर पाचही फाशांची बेरीज. तीन एकसारखे आणि दोन एकसारखे असं फुल हाऊस, 25 गुण. चार फाशांचा सिक्वेन्स, म्हणजे ओळीने येणारे आकडे, 30, पाचांचा 40. पाचही सारखे म्हणजे याट्झी, 50. आणि काहीच जमलं नाही तर चान्सचं घर, त्यात नुसती बेरीज. याट्झीच्या घरात 50 लिहून झालेले असताना दुसरी याट्झी पडली तर 100 जादा.

खरी गंमत पुढे आहे. दान कुठल्याच घरात बसलं नाही तरी कुठेतरी लिहावंच लागतं, मग तिथे शून्य येतं. आम्ही चौघंही सुरुवातीला त्या शून्याला घाबरून खेळायचो. मग एकदा मित्राची आई, काकू, आमच्यात बसल्या. तिसऱ्याच पाळीला त्यांना विस्कटलेलं दान पडलं आणि त्यांनी सरळ एक्क्यांच्या घरात शून्य लिहिलं. आम्ही म्हटलं, काकू, इतक्या लवकर? त्या म्हणाल्या, ‘एक्के गेले तर काय गेलं रे? सगळे पडले तरी पाचच.’ पुढे त्यांना चार छक्के पडले आणि एक्क्यांची तूट तिथेच भरून निघाली. बक्षीसही मिळालं, डावही त्यांनीच जिंकला. त्या रात्री मला हा खेळ कळला. चांगलं दान सगळ्यांनाच लिहिता येतं. वाईट दान कुठे खर्च करायचं हे ठरवताना माणूस खेळतो.

मी उलटी चूक करून बसलोय. हातात तीन पंजे, दोन तिर्र्या. फुल हाऊसचं घर रिकामं, 25 गुण समोर पडलेले. एक टाक बाकी होता म्हणून मी याट्झीच्या मोहात तिर्र्या उचलल्या. दोन्ही पंजेच पडायची शक्यता 36 मध्ये एक. पडले एक आणि चार. नंतर फुल हाऊस आलंच नाही, तिथे शून्य बसलं आणि मी 17 गुणांनी हरलो. आजही परातीत तीन पंजे पडले की मित्र माझ्याकडे बघतात.

थोडा हिशोब माहीत असला की रंगत वाढते. एका टाकात पाचही सारखे पडायची शक्यता 1296 मध्ये एक, पण याट्झीच्याच मागे लागून तीनही टाक वापरले तर साधारण 22 पाळ्यांत एकदा ती जमते. 2-3-4-5 हातात असेल तर एक किंवा सहा, दोन्ही चालतात. 1-2-4-5 असेल तर फक्त तिर्रीच हवी, म्हणजे शक्यता निम्मी. दहा वर्षांच्या मुलीला हे समजावून सांगा, तिला शाळेतल्या गणितापेक्षा लवकर कळेल. माझ्या भाचीला कळलं.

हा खेळ 1956 मध्ये अमेरिकेत एडविन लो यांनी बाजारात आणला. अमेरिकेत बिंगो घरोघरी नेणारेही हेच. बिंगोचंच भावंड म्हणजे आपली हाऊसी, गणपतीत सोसायटीच्या मांडवात हमखास असते ती. तुमच्यातलं कोणी हाऊसीवालं असेल तर आधीच सांगून ठेवा की इथलं फुल हाऊस वेगळं. आमच्याकडे पहिल्या दिवशी यावरून अर्धा तास गेला होता.

चौघांच्या डावाला पाऊण तास धरा, सहा जण असाल तर दोन-दोनच्या जोड्या करा, नाहीतर पाळी यायला फार वेळ लागतो. गुण लिहायचं काम त्या मुलीकडे द्या. पहिला डाव घरं समजण्यातच जाईल, तो हारजितीत धरू नका.