गाळून घेतलेल्या प्रोपेलंटमधलं लोह कशाला मोजायचं?

तुमचा प्रश्न असा: रॉकेटमध्ये भरायचं द्रव बारीक फिल्टरमधून गाळून घेतात, तरी त्यातलं लोह पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, असं का मोजतात आणि कसं?

फिल्टरमध्ये कण अडकतो, विरघळलेलं लोह नाही. नायट्रोजन टेट्रॉक्साइडचंच बघा. आपल्या पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातलं विकास इंजिन याच ऑक्सिडायझरवर, म्हणजे इंधन जाळायला ऑक्सिजन पुरवणाऱ्या द्रवावर, चालतं. पोलादी टाकीत आणि पाइपांत राहून ते थोडं थोडं लोह खातं. ओलावा असेल तर जास्तच. हे लोह नायट्रेट होऊन विरघळतं, त्यामुळे बघून काही कळत नाही. पण द्रव गार झालं किंवा व्हॉल्व्हच्या अरुंद फटीत दाब उतरला, की ते बाहेर पडून तिथेच थर धरतं आणि प्रवाह हळूहळू कमी होतो. अमेरिकेच्या स्पेस शटलमधल्या थ्रस्टरच्या (छोट्या इंजिनांच्या) व्हॉल्व्हनाही या आयर्न नायट्रेटने त्रास दिला होता.

मोजायला ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन वापरता येतं. मी हे यंत्र पाण्याच्या नमुन्यांसाठी रोज चालवतो, तत्त्व तेच. दिव्यातून 248.3 नॅनोमीटरचा प्रकाश येतो, ज्वाळेतले लोहाचे अणू तो शोषतात, आणि किती शोषला यावरून प्रमाण कळतं.

खरी मेहनत नमुना तयार करण्यात आहे. टेट्रॉक्साइड 21 अंशांनाच उकळतं आणि त्याची वाफ जीवघेणी, म्हणून ते गार ठेवून वजन करायचं, फ्यूम हूडमध्ये (वाफ बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात) सावकाश उडवायचं आणि तळाला उरलेलं ॲसिडमध्ये घ्यायचं. 50 ग्रॅम नमुन्यात 1 पीपीएम लोह म्हणजे 50 मायक्रोग्रॅम. ते 25 मिलीमध्ये आणलं की लिटरला 2 मिलिग्रॅम होतं, आणि एवढं यंत्र आरामात वाचतं. हायड्रॅझिनचा, म्हणजे रॉकेटच्या एका इंधनाचा, नमुना असेल तर मात्र त्यावर नायट्रिक ॲसिड चुकूनही घालू नका. हायड्रॅझिन नायट्रेट स्फोटक आहे.

आणि प्रत्येक वेळी ब्लँक चालवा, म्हणजे नमुना न घालता तीच सगळी कृती. एकदा माझ्या ब्लँकमध्येच नमुन्याइतकं लोह आलं. ॲसिड बदललं, भांडी बदलली, फरक पडेना. शेवटी सापडलं: हॉट प्लेटच्या वर लावलेला क्लॅम्प गंजला होता आणि त्याची पूड बीकरमध्ये पडत होती. त्या आठवड्याचे सगळे आकडे मी रद्द केले आणि नमुने पुन्हा केले.