नवीन स्पार्क प्लग टाकूनही सिग्नलला गाडी थरथरते, आता काय बघू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहा-अकरा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, नंतर बाहेरून सीएनजी किट बसवलेलं. नाशकात द्वारकेच्या सिग्नलला उभी राहिली की स्टेअरिंग थरथरतं, आरपीएमचा काटा नाचतो. गॅरेजवाल्याने चारही प्लग बदलले, फरक शून्य. आता तो म्हणतोय चारही कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारे भाग, बदला.

कॉइलचे पैसे आत्ता देऊ नका. मी मेकॅनिक नाही, अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, पण स्वतःच्या गाडीचं काम बरीच वर्षं स्वतःच करतोय आणि ही चूक मी पैसे मोजून शिकलोय.

आधी गॅरेजवाल्याकडून जुने चार प्लग मागून आणा. भंगाराच्या डब्यात असतील तर उचलून आणा. कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा होता हे आता कळणार नाही, तरी ते बरंच बोलतात. टोक फिकट तपकिरी, चहाच्या डागासारखं असेल तर आतलं जळण ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. तेलकट काळं म्हणजे इंजिन ऑइल वर येतंय, तिथे प्लग बदलून काही होणार नाही. पांढरंफटक आणि फोड आल्यासारखं म्हणजे प्लग फार तापतोय. तीन प्लग सारखे आणि एक वेगळा निघाला, तर दुखणं एकाच सिलिंडरमध्ये आहे आणि चार कॉइलची गरजच नाही. प्लगचं पांढरं पोर्सिलेनही निरखून बघा. बाहेरच्या बाजूने पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ असेल, तर ठिणगी टोकाला न जाता तिथूनच हेडला (प्लग ज्यात बसतो त्या इंजिनच्या वरच्या भागाला) पळत होती. अशा वेळी कॉइलचा रबरी बूट, म्हणजे प्लगवर बसणारी टोपी, बहुतेक फाटलेला असतो, आणि त्याच फाटक्या बुटात नवा प्लग घातला की गाडी पुन्हा तशीच.

मग नव्या प्लगचा नंबर गाडीच्या मॅन्युअलशी जुळवा. ‘आटे तेच आहेत, टाका बिनधास्त’ असं काउंटरवर सांगतात, त्यावर जाऊ नका. १४ मिलिमीटर आट्यांचा प्लग १९ मिलिमीटर लांबीचाही येतो आणि १२.७ चाही. मला एकदा आखूड मिळाले होते. गाडी चालत होती, जरा मरगळलेली, एवढंच. चार महिन्यांनी बरोबर लांबीचे आणले, तर अर्ध्यावर जाऊन अडकले. हेडमधले खालचे आटे उघडे राहिले होते आणि त्यांत कार्बन भरून दगड झाला होता. शेवटी टॅपला (आटे पाडायच्या हत्याराला) ग्रीस थापून, पाव-पाव फेरी पुढे-मागे करत तो कार्बन बाहेर काढला. ग्रीस अशासाठी की कचरा आत न पडता त्याला चिकटावा. अख्खा रविवार गेला. उलट झालं असतं, म्हणजे जास्त लांबीचा प्लग, तर पिस्टन त्यावर आदळायची भीती होती.

दुसरा घोळ हीट रेंजचा, म्हणजे प्लग स्वतःची उष्णता किती लवकर सोडतो त्याचा; लवकर सोडतो तो थंड, उशिरा सोडतो तो गरम. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होत जातो, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. बॉशचा ७ हा साधारण एनजीकेच्या ६ च्या जागी बसतो. ‘कंपनी वेगळी पण नंबर सहाच आहे की’ म्हणून घेतला, तर एक पायरी थंड प्लग आला. थंड प्लग शहरातल्या रांगत्या ट्रॅफिकमध्ये स्वतःची काजळी जाळू शकत नाही आणि तुम्हाला नेमका सिग्नललाच त्रास होतो. नंबरातलं ‘आर’ अक्षर म्हणजे रेझिस्टर, तेही मूळ प्लगला असेल तर नव्याला हवंच.

प्लगच्या दोन टोकांमधली फट, म्हणजे गॅप, फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) मोजून घ्या. प्लग नवा असला तरी खोक्यासकट आपटलेला असू शकतो. सीएनजीला ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून झिजून वाढलेला गॅप आधी सीएनजीवर जाणवतो. फक्त बाहेरची पट्टी वाकवायची, मधल्या टोकाला हात लावायचा नाही. इरिडियम असेल तर तो वायर ब्रशने घासूही नका.

बसवताना इंजिन पूर्ण थंड हवं. काढण्याआधी प्लगच्या खड्ड्यातली धूळ फुंकून घ्या, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. सुरुवातीचे आटे बोटांनीच लावा. बोटांना जड लागलं तर आटे तिरके धरलेत, परत काढा, पाना लावू नका. हाताने बसला की पुढचं मोजमाप मी घड्याळावर लक्षात ठेवतो: नवा वॉशर असलेला प्लग सहा ते आठ तासांएवढा फिरवायचा, म्हणजे अर्धी ते दोन-तृतीयांश फेरी. तोच प्लग काढून पुन्हा लावताना एका तासाएवढाच पुरतो, वॉशर आधीच दबलेला असतो. बिनवॉशरच्या, उतरत्या बैठकीच्या प्लगला तर एक तासही जास्त. आट्यांना ग्रीस-ऑइल चोपडू नका, त्याने पाना सहज फिरतो आणि कधी जास्त आवळलं ते कळत नाही.

एवढं सगळं बरोबर निघालं, तर प्लगचा पिच्छा सोडा. आता मला सांगा, कसारा घाट चढताना गाडी कशी वागते? सिग्नलला थरथरते पण घाटात लोड आला की सरळ पळते, तर माझा संशय हवेवर: कुठून तरी चोरटी हवा आत जातेय. सिग्नलला ठीक आणि घाटात झटके देते, तर ठिणगी कमजोर, तेव्हा कॉइलची गोष्ट करू. आणि पेट्रोलवर बटण टाकलं की थरथर गायब होत असेल, तर इंजिनला हात लावण्याआधी किटवाल्याकडे जा.

तुमच्या वर्णनावरून मला हवाच वाटते. इनटेक मॅनिफोल्डवरून (सिलिंडरना हवा पोचवणाऱ्या नळ्यांवरून) ब्रेक बूस्टरकडे आणि इतरत्र जाणारे रबरी पाइप एकेक करून चिमटा. एखादा दाबल्यावर इंजिनची थरथर एकदम थांबली तर गळती त्याच्या पुढे आहे. आमच्या सोसायटीत पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली येतात. माझ्याकडचा पाइप वरून धड होता, खालून दाताने कुरतडलेला. बोट फिरवलं तेव्हा खाच लागली. त्यासोबत थ्रॉटल बॉडीही (हवा कमी-जास्त करणारी झडप असते तो भाग) उघडून बघा. झडपेच्या कडेला काळा चिकट थर जमला असेल तर क्लीनरने पुसा. पुसल्यावर पहिली काही मिनिटं आयडल (उभ्या गाडीतला इंजिनचा वेग) वर-खाली होतं, काही गाड्यांना ते स्कॅनरने पुन्हा शिकवावं लागतं, घाबरू नका.

तरीही कॉइलवरच शंका असेल तर स्कॅनर लावून कोड घ्या. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये जळण चुकतंय, ०३०२ म्हणजे दुसऱ्यात, असं. समजा पहिला आला, तर पहिल्याची आणि तिसऱ्याची कॉइल आपसात बदला. कोड ०३०३ झाला तर कॉइल खराब, एकच घ्या. कोड तिथेच राहिला तर कॉइल निर्दोष. मग इंजेक्टर बघा, नाहीतर टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) आणि कॉम्प्रेशन तपासून घ्या. सीएनजीवर बरीच पळालेल्या गाडीत व्हॉल्व्हच्या बैठका झिजून टॅपेटचा गॅप कमी होतो, आणि ते दुखणं आधी आयडललाच दिसतं.

जुन्या प्लगचे फोटो आणि नव्यांवरचा पूर्ण नंबर इथे टाका, अक्षरांसकट.