वाचकांचे प्रश्न : राजकन्या गोरीच का असते?

प्रश्न : माझी मुलगी दुसरीत शिकते. मोबाईलवर ती राजकन्यांच्या गोष्टी सतत पाहत असते. परवा तिने विचारले, “मी काळी आहे, मग मला राजकन्या कोण करणार?” शाळेच्या स्नेहसंमेलनातही तिच्या वाट्याला राक्षसिणीचे काम आले. सासूबाई तिला रोज हळद आणि डाळीचे पीठ लावून अंघोळ घालतात. या गोष्टी आणि कार्टून बंदच करावेत का? — एक आई, अंबाजोगाई

उत्तर : बंद करून फारसे साधणार नाही. मोबाईल काढून घेतला तरी शेजारच्या घरात टीव्ही आहे, रस्त्यावर जाहिरातीचे फलक आहेत आणि लग्नसराईत नातेवाइकांच्या गप्पा आहेत. गोष्ट लपवण्यापेक्षा ती मुलीला जवळ घेऊन सोबत पाहावी आणि मध्येमध्ये प्रश्न विचारावेत, हे मला अधिक उपयोगी वाटते.

हिमगौरीचेच उदाहरण घ्या. ग्रिम बंधूंनी ही कथा १८१२ मध्ये छापली, तेव्हा मुलीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत तिला सावत्र करण्यात आले. म्हणजे या कथा कोणी दगडावर कोरून ठेवलेल्या नाहीत, काळ आणि घरंदाजपणाच्या कल्पना पाहून त्या बदलण्यात आल्या, आणि आपणही त्या बदलून सांगू शकतो. त्याच कथेत आरसा जेव्हा मुलीला राणीहून सुंदर ठरवतो, तेव्हा ती अवघी सात वर्षांची आहे. तुमच्या मुलीच्या वयाच्या पोरीची एका प्रौढ बाईशी रूपावरून स्पर्धा लावलेली आहे आणि निकाल देण्याचा अधिकार भिंतीवरच्या आरशाला दिलेला आहे. १९३७ मध्ये डिस्नेने तिच्यावर चित्रपट काढल्यावर गोरा रंग, लाल ओठ आणि काळे केस हे रूप जगभरातल्या मुलींच्या डोळ्यांत ठसले.

रंगाइतकाच आणखी एक भाग मला घातक वाटतो, पण पालक त्याबद्दल क्वचितच विचारतात. या कथांतील चांगल्या मुली वाट पाहतात, सोसतात, काही तर चक्क झोपून राहतात. आणि ज्या बायका बेत आखतात, औषधे उकळतात, सत्ता हवी म्हणून उघडपणे झगडतात, त्या बहुधा चेटकिणी किंवा सावत्र आया असतात. आपल्याकडचे ‘छोटा भीम’ हे कार्टून २००८ पासून मुले पाहत आली आहेत. त्यात भीम लढतो आणि चुटकी त्याला लाडू खाऊ घालते. चुटकी गुणी आहे यात वाद नाही, पण सहा-सात वर्षांची मुलगी त्यातून कोणते काम आपले समजेल, हे तिला विचारून पाहा.

आपल्या जुन्या गोष्टी मात्र निर्मळ होत्या, असे म्हणण्याचा मोह टाळावा. कहाण्यांमधली नावडती राणी राजाच्या मर्जीची वाटच पाहत असते आणि गोष्टीतली राक्षसीण काळीकुट्टच रंगवली जाते. तरीही भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणारी म्हातारी आपल्याच भांडारात आहे. ती वाघाला बोलण्यात गुंगवते, आणि तिच्या रूपाची चौकशी कोणी करत नाही.

पडद्याचा परिणाम होतो का, ही शंका असेल तर फिजी बेटांवरचा अभ्यास सांगण्यासारखा आहे. तेथील एका भागात दूरचित्रवाणी १९९५ मध्ये पोहोचली. भरलेले शरीर हे तिथे निगा राखल्याचे लक्षण मानले जात असे. त्या वर्षी पाहणीतील शाळकरी मुलींपैकी वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही आढळली नव्हती. १९९८ मध्ये हे प्रमाण ११.३ टक्के होते.

मात्र पडद्यावरच्या रूपावर शिक्कामोर्तब होते ते घरात. बाळंतिणीला भेटायला आलेली बाई आधी विचारते, “रंग कोणावर गेलाय?” पुढे “काळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे” असे कौतुक होते, आणि मुलगी वयात आली की ‘गोरी, सडपातळ’ अशी अट स्थळाच्या निरोपातच येते. रंग सावळा म्हणून हुंड्याचा आकडा वाढवून सांगणारी घरे आपल्या मराठवाड्यात अजून आहेत, हे आपण दोघीही जाणतो. मुलीने कार्टूनमध्ये जे पाहिले, ते तिला या सगळ्यामुळे खरे वाटते.

म्हणून तिच्या प्रश्नाला “तू काळी नाहीस गं, गव्हाळ आहेस” असे उत्तर देऊ नका. त्यातून काळे असणे वाईटच, एवढेच तिला कळेल. “हो, तू सावळी आहेस, माझ्यासारखी,” असे सरळ सांगा (तुमचा रंग तसा असेल तर), आणि मग राजकन्येने गोष्टीत नेमके काय काम केले, हे तिलाच शोधायला लावा. सासूबाईंशी हळदीवरून वाद घालू नका. पिठाने अंग स्वच्छ होते. फक्त “रंग उजळेल” हे वाक्य अंघोळीच्या वेळी टाळावे, अशी विनंती करा. पंढरीच्या सावळ्या विठ्ठलाला सुंदर म्हणताना त्यांची जीभ अडखळत नसणार. शिवाय जनाबाई आपल्या शेजारच्या गंगाखेडच्या. त्यांच्या गोष्टीत दळण आहे, कांडण आहे, देवाशी भांडण आहे, रूपाचा विषय निघतच नाही. ही गोष्ट नातीला आजीनेच सांगावी.

प्रश्न : मी अकरावीत आहे. मोबाईलमध्ये फिल्टर लावल्यावर मी जशी दिसते तशी प्रत्यक्षात दिसावी, म्हणून मैत्रिणीने सांगितलेली क्रीम मेडिकलवरून आणली. सुरुवातीला चेहरा उजळला, पण आता एक दिवस लावली नाही तरी लाल होतो आणि पुरळ येते. काय करू? — एक विद्यार्थिनी, उदगीर

उत्तर : तुझ्या वर्णनावरून त्या क्रीममध्ये स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता आहे. अशा क्रीममुळे त्वचा पातळ होते, केस वाढतात आणि सोडली की जळजळ सुरू होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या विकू नयेत म्हणून २०१८ मध्ये सरकारने नियम कडक केले, तरी त्या सर्रास मिळतात. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हा विभाग आहे. मधल्या काळात दुसरी कोणतीही क्रीम लावू नकोस.

फिल्टरबद्दल एवढेच सांगते की गोरेपणाचा बाजार त्याच्याहून जुना आहे. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये आली आणि २०२० मध्ये तिच्या नावातून ‘फेअर’ गेले. सावळ्या मुलीला नोकरीत किंवा लग्नात अपयशी दाखवू नये, असा दंडक जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये घातला. तोवर नेमके तेच दाखवून क्रीम खपवली जात होती. फिल्टर तोच चेहरा फुकट आणि क्षणात दाखवतो, त्यामुळे तुझी तुलना आता नटीशी होत नाही, स्वतःच्याच खोट्या फोटोशी होते.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. मुलींना परी आणि मुलांना सैनिक, अशीच कामे पालक मागतात. एका मुलाने आईची भूमिका मागितली तर वर्ग हसला. वर्गात काय करता येईल? — एक शिक्षक, वसमत

उत्तर : गुरुजी, पाठ्यपुस्तक आपल्या बाजूने आहे. बालभारतीने २०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या पुस्तकात आई आणि वडील दोघे मिळून भाजी निवडत असल्याचे चित्र छापले. ते चित्र दाखवून कोणाच्या घरी असे होते, हे विचारा. हसण्याचा जोर तिथेच कमी होईल. नाटकातील भूमिका चिठ्ठ्या टाकून किंवा आवाजाच्या चाचणीवर द्या आणि ती पद्धत पालकांना आधीच कळवा, म्हणजे रंग, उंची आणि मुलगा-मुलगी हे निकष आपोआप मागे पडतील. राजपुत्र वाटेत हरवला तर पुढे काय, असे विचारून मुलांकडून गोष्ट पुरी करून घ्या.

सहल अजिंठ्याला जाणार असेल तर पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणीच्या (हाती कमळ धरलेल्या बोधिसत्त्वाच्या) चित्राजवळ मुलांना जरा जास्त वेळ थांबवा. तिथे सावळ्या वर्णाची, मुकुट घातलेली राजस्त्री रंगवलेली आहे, आणि ते चित्र सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे आहे. घाईतल्या सहलीत तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, म्हणून ती कुठे आहे हे बसमध्येच सांगून ठेवा.