‘चारकोल मेलोड’ आणि बर्बनमधला उकळता झरा

प्रश्न असा आलाय की कॉकटेलच्या रेसिपीत ‘चारकोल मेलोड टेनेसी व्हिस्की’ लिहिलंय, म्हणजे ती धुरकट लागते का, आणि घरात बर्बन (मक्यापासून केलेली अमेरिकन व्हिस्की) आहे ती चालेल का, दोन्ही एकच ना?

धुरकट अजिबात नाही! हे ‘चारकोल म्हणजे स्मोकी’ इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो, बारमधले लोकसुद्धा ठोकून देतात. धूर असतो तो काही स्कॉच व्हिस्कींना, माल्ट (मोड आणलेलं बार्ली धान्य) वाळवताना पीट म्हणजे दलदलीतली कुजलेल्या वनस्पतींची माती जाळतात म्हणून. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात शुगर मेपलच्या लाकडाचा कोळसा करून तो मोठ्या हौदात भरतात आणि नवी पांढरी दारू पिंपात जायच्या आधी त्यातून हळूहळू झिरपवतात, जॅक डॅनियल्स या तिथल्या प्रसिद्ध ब्रँडकडे हा थर 10 फुटांचा. (झिरपवतात असंच म्हणा, मराठीत दारू ‘गाळणं’ म्हणजे डिस्टिल करणं, त्यामुळे ‘कोळशातून गाळलेली’ वाचून माणूस भलतंच समजतो.) कोळसा मक्याचा तेलकटपणा आणि कच्चा तिखटपणा शोषून घेतो, तेच मेलो होणं. व्हॅनिला, कॅरॅमल येतं ते आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातून, आणि ते पिंप बर्बनलाही असतंच.

आता बर्बन. हा शब्द कुठून आला बघा, मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. केंटकी राज्यातली बर्बन काउंटी (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा भाग) 1785 मधली, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्सने मदत केली म्हणून तिथल्या राजघराण्याचं नाव दिलं. घराण्याचं नाव आलं फ्रान्समधल्या बूर्बों-लार्शांबो या गावावरून, आणि गावाचं नाव बोर्वो या गॉलिश (प्राचीन फ्रान्समधल्या केल्टिक लोकांच्या) देवावरून, जो गरम झऱ्यांचा देव! आपल्याकडे वज्रेश्वरीला देवी आणि कुंडं एकत्र आहेत, तसंच. बोर्वोच्या मुळाशी ‘उकळणं, बुडबुडणं’ असा केल्टिक धातू आहे, वेल्शमध्ये आजही ‘बेर्वी’ म्हणजे उकळणं, आणि त्याच जुन्या कुळातले इंग्रजी ब्रू आणि लॅटिनवरून आलेला फर्मेंट. म्हणजे ज्या शब्दात आधीपासूनच आंबवण खदखदतंय तोच नेमका दारूला चिकटला. मला तरी यात निव्वळ योगायोगापेक्षा जास्त काहीतरी दिसतं.

मायकल वीच हे अमेरिकन इतिहासकार म्हणतात की नाव काउंटीवरून नाही, न्यू ऑर्लिन्सच्या बर्बन स्ट्रीटवरून आलं. मला हे पटत नाही, माल जिथून निघतो त्याचं नाव मालाला लागतं, जिथे विकला जातो त्या रस्त्याचं कशाला लागेल? आणि घटकाभर त्यांचं मानलं तरी रस्ताही त्याच राजघराण्याच्या नावाचा, शेवटी बोर्वोच!

तर दोन्ही एकच का? मका किमान 51 टक्के, नवं जाळलेलं ओक पिंप, या बर्बनच्या अटी जॅक डॅनियल्स पूर्ण करते (मका 80 टक्के), पण टेनेसीवाले स्वतःला बर्बन म्हणवून घेत नाहीत, कोळशाच्या पायरीमुळे. त्या पायरीचं नाव लिंकन काउंटी प्रोसेस, आणि गंमत म्हणजे जॅकचं गाव लिंचबर्ग, जे आधी लिंकन काउंटीत होतं, 1871 पासून मूर काउंटीत आहे. 2013 मध्ये राज्याने कायदाच केला की टेनेसी व्हिस्की मेपलच्या कोळशातून गेलीच पाहिजे, सूट मिळाली एकट्या प्रिचर्ड्स या कंपनीला, आणि त्यांची डिस्टिलरी खुद्द लिंकन काउंटीतच आहे!

हां, कॉकटेल. व्हिस्की सावरमध्ये बर्बन खुशाल घाला, काही बिघडत नाही. लिंचबर्ग लेमोनेड असेल (व्हिस्की, ट्रिपल सेक म्हणजे संत्र्याचं गोड मद्य, लिंबू-साखर, वरून लेमन सोडा) तर मात्र जॅकच घ्या, तिचा तो पिकल्या केळ्यासारखा गोडसर वास लिंबाबरोबर फार छान लागतो. मॅनहॅटन या कॉकटेलमध्ये मला ती फिकी वाटते, जॅकमध्ये राय हे तिखटसर चवीचं धान्य 8 टक्केच आहे, त्यात पडणारं व्हर्मूथ (मसाले घातलेली वाइन) तिला दाबून टाकतं, तिथे जास्त राय असलेली बर्बन घ्या.